‘क’ नकाशा

१

शनिवारी कारखान्याला सुटी असायची, म्हणून घरची सगळी कामं शनिवारवर पडायची. दळण, रॉकेलची रांग, उत्कर्षाच्या दप्तराच्या पट्ट्याला टाके. आणि शहाण्णव सालच्या त्या हिवाळ्यात आणखी एक काम वाढलं होतं, ते म्हणजे घराचा नकाशा निवडणं.

सुनील कातकाडे सातपूरला एका कारखान्यात लेथवर होता. तो, त्याची बायको ज्योत्स्ना, आई नवसाबाई आणि सातवीतली मुलगी उत्कर्षा असे चौघं नाशिक रोडला देवळाली गावात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत. पाथर्डी फाट्याच्या पुढे द्राक्षबागा मोडून प्लॉट पडले होते, त्यातला एक तीस बाय पन्नासचा त्यांनी तीन वर्षांपूर्वी घेऊन ठेवला होता. आता बांधायचं ठरलं होतं.

त्या शनिवारी सुनील वर्तमानपत्रात गुंडाळलेली भेंडोळी घेऊन आला. उलगडल्याबरोबर खोलीभर छपाईच्या अमोनियाचा वास सुटला. नवसाबाईनं पदर नाकाला लावला. कागद पुन्हा पुन्हा गुंडाळत होते, म्हणून एका कोपऱ्यावर वरवंटा, एकावर कात्री, एकावर पाटी आणि एकावर सुनीलनं स्वतःचा गुडघा ठेवला.

“तीन काढून दिलेत. अ, ब आणि क,” तो म्हणाला. “बघा, बोला, सोमवारी सांगायचंय.”

गोटीराम आहेर नावाच्या म्हाताऱ्या ड्राफ्ट्समननं ते काढले होते. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला माणूस, हात फार बारीक. त्यानं नुसत्या भिंती काढल्या नव्हत्या. ओटा, त्यावर शेगडीची दोन वर्तुळं, मोरी, तुळस, दिवाणखान्यातल्या खुर्च्या, सगळं निळ्या रेघांत जागच्या जागी होतं. झोपायच्या खोल्यांत पलंग होते आणि पलंगांच्या डोक्याशी उशांच्या छोट्या चौकटी.

“माझी खोली कुठली?” उत्कर्षानं विचारलं.

“तिन्हींत आहे,” सुनील म्हणाला. “क मध्ये सगळ्यात मोठी.”

२

ज्योत्स्ना घरी ब्लाउज शिवायची. कागदावरचं माप अंगावर कसं बसेल हे तिला बघताक्षणी कळे. दुपारी जेवणं झाल्यावर सुनील आडवा झाला, तेव्हा तिनं शिवणयंत्रावरचे तुकडे बाजूला सारले आणि नकाशे एकेक करून मांडीवर घेतले. मनानंच ती दारातून आत जाई, चपला काढी, स्वयंपाकघरात पाणी पिई, मग खोल्या बघत फिरे.

अ नकाशात ती सासूच्या खोलीत शिरली. खिडकी होती, कपाट होतं. पलंग नव्हता.

विसरले असतील, असं तिला वाटलं. तिनं ब घेतला. त्यात सासूच्या खोलीत पलंग होता, उत्कर्षाच्याही होता. तिच्या आणि सुनीलच्या खोलीत दोघांचा रुंद पलंग होता, पण डोक्याशी उशी एकच होती. मधोमध नाही, एका बाजूला. दुसरी बाजू कोरी.

मग तिनं क घेतला. बाकी सगळं नीट. उत्कर्षाच्या खोलीत टेबल होतं, खुर्ची होती, पुस्तकांचं फळकूट होतं. पलंगाची जागा मोकळी होती.

घाईच्या दिवसांत तिच्या हातूनही एखाद्या ब्लाउजची बाही कापायची राहून जायची. माणूस चुकतो. पण तीन ब्लाउज, तिन्हींत एकेकच गोष्ट राहिलेली आणि दर वेळी वेगळी, असं कधी झालं नव्हतं.

तिला भीती वाटली नाही. हाताला मुंग्या आल्यावर सुई टोचली तरी जशी कळत नाही, तसं काहीतरी झालं. तिनं कागद गुंडाळले आणि राहिलेले हूक लावायला घेतले.

३

सोमवारी ती स्वतःच बिटको चौकात गेली. आहेरांची खोली एका किराणा दुकानाच्या वर होती. खोलीत तिरप्या फळ्याचं मोठं टेबल, त्याच्यावर वाकलेला दिवा, कोपऱ्यात छपाईचा डबा आणि तोच वास.

“तीन ठिकाणी राहिलंय,” तिनं दाखवलं.

आहेरांनी चष्मा पुसला, कागद बघितला, मग कपाटातून मूळ ट्रेसिंग काढून खिडकीच्या काचेवर धरली. उन्हात सगळ्या काळ्या रेघा लख्ख दिसल्या. अ मध्ये नवसाबाईचा पलंग होता. ब मध्ये उशा दोन होत्या. क मध्ये टेबलाच्या बाजूला उत्कर्षाचा पलंग होता. बारीक, नीट, एका उशीचा.

“मी विसरत नाही हो ताई,” ते म्हणाले. “छपाईत उडालं असेल. अमोनिया शिळा झाला की एखादी रेघ उठत नाही. पुन्हा काढून देतो, बसा.”

ते छपाई करत होते तेवढ्यात ज्योत्स्ना इकडंतिकडं बघत राहिली. भिंतीवर काचेच्या चौकटीत एक जुना नकाशा लावला होता. खाली त्यांचंच नाव होतं आणि साल होतं एकोणीसशे एकाहत्तर.

“हे तुमचं घर का?”

“हो. देवळ्याचं. नोकरीत असताना हौसेनं काढलेला नकाशा. आमच्या सौभाग्यवतींनी ओटा कुठं हवा ते शेजारी बसून सांगितलं होतं.”

ज्योत्स्ना जवळ गेली. झोपायच्या खोलीत रुंद पलंग होता. उशी एक होती.

“त्या…?”

“गेल्या. घर वर आलं त्याच वर्षी.” आहेर डब्याशी वाकलेले होते, त्यांनी मान वर केली नाही. “नकाशा आधीचा आहे.”

ओलसर, गरम कागद त्यांनी तिच्या हातात दिले तेव्हा तिनं ते तिथं उलगडले नाहीत. जिना उतरून ती रस्त्यावर आली, एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली आणि मग बघितलं.

अ मध्ये पलंग नव्हता. ब मध्ये उशी एक होती. क मध्ये जागा मोकळी होती.

४

घरी आल्यावर तिनं उत्कर्षाच्या कंपासपेटीतून बॉलपेन घेतलं आणि क नकाशातल्या मोकळ्या जागी चौकट काढायला लागली. पेन उठेना. वहीच्या कागदावर गिरवलं, उठलं. नकाशातल्या स्वयंपाकघरात एक रेघ मारली, उठली. पुन्हा त्या खोलीत नेलं तर नुसता खोलगट ओरखडा पडला, शाई नाही.

कागदाला तेल लागलं असेल, तिनं स्वतःला समजावलं. सकाळी भजी झाली होती. ती बोटानं जागा चोळून बघत होती तेव्हा मागून आवाज आला.

“तिथं नाय उठत. म्या बी बघितलं.”

नवसाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिला अक्षर येत नव्हतं. निफाडकडच्या खेड्यात सगळा जन्म गेलेला. पण उशा तिला मोजता येत होत्या.

“कशानं बघितलंत, आत्याबाई?”

“काजळानं.” म्हातारी थोडी थांबली. “माझ्या खाटंचं बी बघितलं. न्हाय उठत.”

बाहेर उत्कर्षा मैत्रिणींबरोबर दोरीवरच्या उड्या मारत होती, आकडे मोजत होती. ती चाळिसाला चुकली आणि पुन्हा एकपासून सुरू झाली.

ज्योत्स्नानं क नकाशा उचलला, चार घड्या घालून ट्रंकेच्या तळाशी ठेवला. नवसाबाईनं मान हलवली. एवढ्यावर दोघींचं एकमत झालं. त्यानंतर महिनाभर त्या दोघींचं कशावरच एकमत झालं नाही.

५

“मला बाई ब आवडला,” रात्रीच्या जेवणाला नवसाबाई म्हणाली. “देवघर उगवतीला हाय त्याच्यात.”

“अ मध्ये ओट्यावर उजेड येतो,” ज्योत्स्ना म्हणाली. “दिवसभर मला तिथंच उभं राहायचंय.”

सुनील भाकरी कुस्करत होता. “दोन्ही चांगले आहेत. ठरवा लवकर.”

दुसऱ्या दिवशी ब मधल्या हवेचा विषय निघाला. तिसऱ्या दिवशी अ मधल्या मोरीच्या उताराचा. नवसाबाई शेजारच्या भिका गुरवाला बोलावून आणी आणि त्याच्याकडून देवघराची दिशा वदवून घेई. ज्योत्स्ना टेप घेऊन खोलीतच ओट्याची लांबी मोजून दाखवी. आवाज कुणाचाच चढत नव्हता. एकमेकींना चहा देत, एकमेकींच्या पायाला तेल लावत त्या बोलायच्या, आणि बोलायच्या फक्त खिडक्यांबद्दल.

एका दुपारी तांदूळ निवडताना नवसाबाई अचानक म्हणाली, “एक उशी कमी हाय. कुणाची ते कुठं ल्हिलंय?”

ज्योत्स्नाचा हात थांबला.

“तुमच्या लेकाचीही असू शकते, आत्याबाई.”

“न्हाय.” म्हातारीनं खडा उचलून बाजूला टाकला. “तो भिंतीकडं निजतो. हाय ती उशी भिंतीकडची.”

म्हणजे तिनं तेही बघून ठेवलं होतं. ज्योत्स्नाला राग यायला हवा होता. तिनं स्वतःच्या मनात राग शोधून बघितला, सापडला नाही. कारण तीही पंधरा दिवस हेच करत होती. सासूचं वय झालंय, गुडघे गेलेत, सत्तरी उलटली, असं ती मनात म्हणायची आणि त्यापुढचं वाक्य पुरं करायची नाही.

“चूक आहे ती छपाईची,” ज्योत्स्ना म्हणाली.

“चूकच हाय,” नवसाबाई म्हणाली. “मग ब का नको तुला?”

६

होळीच्या आदल्या शनिवारी सुनील सकाळीच बाहेर पडला. दुपारी आला तो पेढ्यांचा पुडा घेऊन.

“झालं एकदाचं. महापालिकेत टाकून आलो. साहेब ओळखीचा निघाला, महिन्याभरात मंजुरी येईल.”

“कुठला टाकलात?” दोघींनी एकदमच विचारलं.

“तुम्हा दोघींचं काही जमेना. अ घेतला तर आई रुसणार, ब घेतला तर तू. महिनाभर बघतोय. म्हणून म्हटलं, कुणाचंच नको. तिसराच टाकला. आहेरांकडं मूळ होतंच.”

उत्कर्षानं टाळ्या वाजवल्या आणि पेढा तोंडात टाकला.

ज्योत्स्ना ओट्याला धरून उभी राहिली. “मागं घ्या तो.”

“का?”

“उत्कर्षाची खोली…”

“अगं, तिची खोली तर त्याच्यातच सगळ्यात मोठी आहे.”

“पलंग नाही त्याच्यात.”

सुनील हसला. “पलंग आपण विकत आणायचा असतो. नकाशात काढून बांधत नाहीत.”

तिला बोलायचं होतं, पण काय बोलणार? सांगायला गेलं तर अ आणि ब चंही सांगावं लागलं असतं. महिनाभर दोघी कशासाठी भांडत होत्या ते सांगावं लागलं असतं. तिनं नवसाबाईकडं बघितलं. म्हातारी पेढ्याकडं बघत होती.

७

एप्रिलमध्ये प्लॉटवर आखणी झाली. गवंड्यानं दोऱ्या ताणून पांढऱ्या फक्कीच्या रेघा ओढल्या. आदल्या दिवशी सपाट केलेली माती होती, पिठासारखी मऊ. घर जमिनीवर उघडं पडलेलं होतं, भिंतींशिवाय.

सुनील पुढं होऊन दाखवत होता. इथून यायचं, हा दिवाणखाना, हे स्वयंपाकघर. गंमत अशी की रेघा ओलांडायला कुणाचा पाय धजत नव्हता. सगळे दाराच्या फटीतूनच आत-बाहेर करत होते. उत्कर्षा धावत आपल्या खोलीत गेली आणि मातीतच उताणी पडली.

“माझा पलंग इथे!” ती ओरडली. हात पसरले, डोळे मिटले.

“ऊठ, फ्रॉक मळेल,” ज्योत्स्ना म्हणाली.

ती उठली, पाठ झाडत बापाकडं पळाली. ज्योत्स्ना त्या खोलीच्या रेघेशी गेली. सगळ्या प्लॉटभर पावलं उमटली होती. सुनीलच्या चपला, गवंड्याचे अनवाणी पाय, नवसाबाईची काठी, एका कुत्र्याचे पंजे. कुत्र्याचे पंजे त्या खोलीच्या रेघेपर्यंत आले होते आणि रेघ धरून वळसा घालून गेले होते.

आत माती सपाट होती. एवढी मुलगी आत्ता तिथं लोळली होती, धावत आली-गेली होती. कुठं बोटाचा ठसा नव्हता.

वारा असेल, ती मनात म्हणाली. वारा पडलेला होता. इथली जमीन कडक असेल, ती म्हणाली, आणि वाकून बोट लावलं. बोट पेरभर आत गेलं.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी तिनं उत्कर्षाला येवल्याला नेऊन सोडलं. तिथं तिची बहीण ललिता होती, नवरा पैठणीच्या मागावर, मूलबाळ नव्हतं. बांधकामाच्या धुळीनं मुलीला खोकला होतो, असं तिनं सगळ्यांना सांगितलं. सुनील चिडला, पण नवसाबाई सुनेच्या बाजूनं बोलली. जन्मात पहिल्यांदा. “ऱ्हाऊ दे तिला तिकडं. पोरगी जिती तर ऱ्हाईल,” ती म्हणाली, आणि सुनीलनं तो बोलण्याचा एक प्रकार समजून सोडून दिला.

एस. टी. त उत्कर्षा खिडकीशी बसली होती. “घर झालं की मला न्यायला येशील ना?”

“हो,” ज्योत्स्ना म्हणाली.

८

घर दिवाळीला झालं. उत्कर्षाला न्यायला कुणी गेलं नाही. आधी सहामाही मध्येच कशी तोडायची असं झालं, मग आठवी येवल्यातच बरी, मग दहावी, मग बारावी, मग तिथंच डी. एड. ला नंबर लागला. सुनील दर महिन्याला जाऊन भेटे. ज्योत्स्ना सणावाराला जाई, पोरीच्या केसांना तेल लावी, संध्याकाळच्या गाडीनं परत येई. उत्कर्षा पाथर्डी फाट्याला यायची ती सकाळी येऊन दुपारी जायची. मुक्काम तिला कधी करू दिला नाही. सुरुवातीला ती रडायची. नंतर तिनं विचारणं सोडलं.

नवसाबाई आपल्या खोलीत, आपल्या खाटेवर निजत होती. ज्योत्स्ना नवऱ्याशेजारी निजत होती, दोन उशा होत्या. सगळ्यात मोठ्या खोलीत कांद्याच्या गोण्या, गोधड्या आणि जुनं शिवणयंत्र होतं. पलंग आणला नाही.

आवाज दुसऱ्या वर्षी सुरू झाला. तोही रात्री नाही, टळटळीत दुपारी, सुनील कारखान्यात असताना. पान उलटल्याचा. थोड्या वेळानं आणखी एक. कधी कंपासपेटीचं झाकण लागल्याचा टक् आवाज. पहिल्यांदा ऐकला तेव्हा ज्योत्स्नानं उंदीर म्हणून औषध ठेवलं. औषध तसंच राहिलं. नवसाबाईनं कधी विषय काढला नाही, पण दुपारी त्या खोलीवरून जाताना ती काठी उचलून धरायची, वाजू द्यायची नाही. अभ्यासाला बसलेल्या पोराच्या घरात म्हातारी माणसं चालतात तशी. सुनीलला लेथच्या घरघरीनं कानांनी कमी येत होतं. त्यानं कधी ऐकलं नाही.

वर्षं गेली. आवाजाची सवय झाली. कधी दुपारभर आला नाही तर ज्योत्स्नाला चुकल्यासारखं वाटे.

दोन हजार दोनच्या डिसेंबरात उत्कर्षा आली. एकोणीस वर्षांची, उंच, खांद्याला पिशवी. सुनील दुपारच्या पाळीला गेलेला होता. तिनं मोरीत पाय धुतले आणि बोळातून स्वयंपाकघरात आली. नवसाबाई मेथी निवडत होती, ज्योत्स्नानं परातीत पीठ घेतलं होतं.

“आई, ती कोण आहे?”

“कोण?”

“त्या मोठ्या खोलीत. अभ्यास करतेय. मी म्हटलं, कितवीत आहेस गं, तर वळलीसुद्धा नाही. भाडेकरूची मुलगी का?”

मेथीची काडी मोडल्याचा आवाज आला. नवसाबाईनं मान खालीच ठेवली.

ज्योत्स्ना उठली, पिठाचे हात तसेच पुढं धरून बोळातून गेली. दार अर्धं उघडं होतं. गोण्या होत्या, गोधड्या होत्या, खिडकीतून ऊन आत आलं होतं. गोण्यांच्या मागे, भिंतीच्या कडेनं, एक पाऊल दिसत होतं. तळवा वर केलेला, पालथं पडून वाचणाऱ्या पोरीचा असतो तसा. बारा वर्षांच्या पोरीचं पाऊल होतं, येवल्याला सोडली तेव्हा उत्कर्षाचं होतं तेवढं. ते संथपणे हलत होतं. मग ते थांबलं आणि हळूच गोणीआड ओढलं गेलं.

ज्योत्स्ना आणखी आत गेली नाही. तिनं दार ओढून घेतलं आणि परत आली.

“कोण गं?” उत्कर्षानं पुन्हा विचारलं.

“आहे एक,” ज्योत्स्ना म्हणाली.

उत्कर्षानं पिशवी अजून खांद्यावरून काढली नव्हती. “आई, परीक्षा झाली माझी. चार दिवस सुटी आहे. या वेळी राहू का मी?”

घर एकदम शांत झालं. खोलीत पानं उलटायची थांबली होती. बोळाच्या त्या टोकाला दारामागे कुणीतरी उत्तराची वाट बघत होतं, हे ज्योत्स्नाला स्पष्ट कळलं. नवसाबाईलाही कळलं असावं. तिनं पहिल्यांदाच मान वर केली आणि सुनेकडं बघून नाही म्हणून हलवली.

“साडेपाचची येवला गाडी आहे,” ज्योत्स्ना म्हणाली. “ती गाठ. ललितामावशी वाट बघेल.”

उत्कर्षा वाकून आजीच्या पाया पडली. आईच्या पडली नाही. फाटक लागल्याचा आवाज आला, मग रिक्षा थांबल्याचा, मग गेल्याचा.

आता आपल्याला रडू येईल, असं ज्योत्स्नाला वाटलं. ती परातीसमोर बसून त्याची वाट बघत राहिली. ते काही आलं नाही. थोड्या वेळानं आतल्या खोलीत एक पान उलटलं, आणि तिनं पिठात पाणी घातलं.